कंदीलवालीचं बटण

प्रिय रेणे,

माझ्या पिकअपवाल्या कल्याणनं हे पाकीट तुझ्या हातात दिलं तेव्हा तू आधी हसली असशील. ओम्याचं पत्र म्हणजे एक तर कुणी गेलं, न्हाईतर ओम्याला कुणी बांधून ठेवलं. दोन्ही न्हाई. मी घनसावंगीच्या पुढं, गोदावरीकडच्या अंगाला, तातेरावकाकाच्या मेंढरांसंगं आहे. आपल्या आज्याचा चुलतपुतण्या तो, लग्नकार्यात घोंगडी टाकून पहिल्या पंगतीला बसतो ना, तोच. एका ऊसवाल्याच्या मोकळ्या रानात त्यानं खतासाठी मेंढरं बसवलीत. आता दुपार आहे, बाभळीखाली बसून लिहून राह्यलो. स्टँडवरून काळं जाड स्केचपेन आणलं आणि अक्षरं मोठी काढून राह्यलो, त्याच्यावरून हसू नको. ओळी वरखाली गेल्या तर तशाच वाच, शाळेत तरी माझ्या ओळी कुठं सरळ होत्या. पहिला कागद आख्खा बकरीबद्दलच लिहिला गेला, तो फाडला. बकरी पुढं येतेच, पण तिच्या जाग्यावर येऊ दे. फोन का केला न्हाई म्हणशील, तर फोन मामी उचलते. आणि तू जरी उचललास तरी मी पहिल्याच मिनटाला काहीतरी फालतू जोक मारणार, तू हसणार, आणि जे बोलायचं ते राहून जाणार. मागं दोनदा तसंच झालं. कागदावर मला जोक जमत न्हाई.

तिकडं काय चाललंय ते मला कळतं. रविवारी सुपारी फोडायची. मामानं मांडववाल्याला सांगून ठेवलं. आईनं तुला मोरपंखी साडी घेतली. तुला तो रंग आवडत न्हाई हे मी तिला सांगितल्तं, तर म्हणली, "तुला रे काय कळतं साडीतलं, तू मोसंबी मोज." आणि नवरदेव गायब. मामी म्हणत असेल, "भिंगरी आहे ते पोरगं, पाय एका जागी ठरत न्हाई, माझ्या लेकीला घेऊन गावोगाव हिंडल." मामा म्हणत असेल, "हक्काचं घर आहे त्याचं, येईल बराबर." आणि गल्लीत कुणीतरी नक्की म्हणलं असेल की पोराचं दुसरीकडं काहीतरी आहे. दुसरीकडं माझं काहीच न्हाई, रेणे. तुला बालवाडीपासून ठाऊक आहे माझं सगळीकडचं. मी पळालो हे मात्र खरं आहे. मला लई भ्या वाटून राह्यलंय. हे एवढं एक वाक्य लिहायचं टाळायला मी आख्खा कागद बकरीवर लिहीत बसलो.

आणि त्या रविवारच्या आधी शुक्रवार आहे. शुक्रवारी कॅल्डरमारचा तिसरा भाग येऊन राह्यलाय. आपण चड्डी-फ्रॉकात होतो तेव्हापासून ज्याची वाट बघितली तो. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, सुपारी तोंडावर आणि ह्याला व्हिडिओ गेम सुचून राह्यला. पण तुला माहीत आहे. तू लोकांचे फॉर्म भरून भरून जे काही मागं टाकलं त्याच्यातून ते ग्राफिक्स कार्ड आणलंस, आपल्या जुन्या दोन खुर्च्या माळ्यावरून काढून पुसून ठेवल्यास, फोटो पाठवलास. खुर्च्यांचा तो फोटो मी अजून पुसला न्हाई. पण त्याच्याकडं बघवत न्हाई, त्याचं कारण सांगायलाच हे सगळं चाललंय.

तुला मस्तगडातलं मामाचं सायबर आठवतं तसं मला माझं स्वतःचं घर आठवत न्हाई. प्लायवूडचे खोके, मधे पडदे, डबड्यासारखे मोठे मॉनिटर, आणि सगळ्यात आतला तो कोपऱ्यातला कंप्यूटर, ज्याला गिऱ्हाईक बसत नसे कारण त्याचं एक बटण उडालं होतं. तो आपला. आख्ख्या जालन्यात दिवे लागायच्या वेळेला शटर ओढणारं सायबर एकच असल. गिऱ्हाईक यायची खरी वेळ तीच, पोरं कॉलेज-क्लास करून तेव्हाच यायची, आणि मामा म्हणायचा, "चला, उठा, दिस बुडला." शेजारचा कापडवाला त्याला छेडायचा, "रामकिसन, हे सायबर आहे का मेंढरांचा वाडा? दिस बुडला की कोंडलं!" मामा बिलकुल चिडायचा न्हाई. "आमच्या घराण्याचा नेम आहे. आमच्या बापानं बिरोबाला शब्द दिलाय, दिस बुडल्यावर आमच्यातलं कुणी बाहेर फिरायचं न्हाई." आणि खरंच कुणी फिरायचं न्हाई. आमच्या घरी गिरिजाआजी उन्हं उतरायच्या आत भाकरी थापून, चूल सारवून मोकळी व्हायची, अंधार पडला की भिंतीला हात लावून बसून राहायची. मला वाटायचं सगळ्यांच्याच आज्या तशा असतात.

त्या कोपऱ्यातल्या कंप्यूटरवर आपला राखेचा देश होता. कॅल्डरमारचा नकाशा उघडला की आख्खा काळा. आपण चालू तेवढाच उघडायचा. एक तलवारवाला, एक कंदीलवाली, दोघं एकाच कीबोर्डवर. बाणाची बटणं माझी, डावीकडची अक्षरं तुझी. तुझ्या कंदिलाचा एक गोल उजेड, आणि त्याच्या बाहेर नुसती रात. मी कधी गोलात राहिलो न्हाई. तलवार घेतली की सुटलो पुढं, आणि अंधारात शिरलो की तो लांब हातांचा राखवाला मला धरायचा. त्याला आपण तलाठी म्हणायचो, कारण शोधायला गेलं की कधी जाग्यावर सापडायचा न्हाई. तू ओरडायचीस, "अरे येड्या, थांब की! उजेड मागं राहिला!" इंग्रजी वाचायचं काम तुझं. शाळेची डिक्शनरी मांडीवर घेऊन तू एकेक पाटी वाचायचीस, आणि मी मधेच म्हणायचो, "लई झालं, मारू का त्याला?" आणि तू म्हणायचीस, "तो आपल्याला जेवायला बोलवून राह्यलाय, मारतोस काय!" असं आपण पहिला भाग संपवला, मंग दुसरा, आणि दुसऱ्याच्या शेवटाला त्या शेवटच्या वेशीपाशी आलो.

ती वेस मला आत्ता डोळे मिटूनसुद्धा दिसते. दगडी कमान, आत काही म्हणजे काहीच न्हाई. तलवारवाला तिच्यातून आत गेलाच पाहिजे, त्याला गेम विचारतच न्हाई. विचारते ती कंदीलवालीला. तू डिक्शनरी बंद करून सांगितलं होतंस, "ओम्या, आत गेलं तर परत येता येणार न्हाई असं लिहिलंय. मी तुझ्यासंगं येऊ का परत फिरू, हे मला विचारून राह्यलेत." दोन बटणं होती, एक येण्याचं, एक फिरण्याचं. मी म्हटलं, दाब ना मंग. तू बोट उचललंस. तेवढ्यात मामा ओरडला, "दिस बुडला!" आणि त्यानं सरळ मेन स्विच पाडलं. आपण किती रडलो होतो! त्या आठवड्यात व्हायरस आला, मामानं सगळे कंप्यूटर पुसून काढले, आपला खेळ गेला तो गेलाच. पुढं कळलं की गेम काढणारी ती कंपनीच बसली. तुझं बोट कुठल्या बटणाकडं चाललं होतं ते मी बघितलं न्हाई, आणि पुढं कधी विचारलंही न्हाई. कधीकधी पिकअपमधे झोप लागत नसली की मला वाटायचं आपण दोघं अजून तिथंच उभे आहोत, कुणीतरी लाईट लावायची वाट बघत.

त्याच्यानंतर तू शिकलीस, बी. कॉम. झालीस, सायबरचं ऑनलाईन सेंटर केलंस. मी अकरावीत बसलो आणि उठलोच. किती कामं केली ते तुला तोंडपाठ आहे. सळयांच्या कारखान्यात धगीपाशी टिकलो न्हाई, बियाणेवाल्यांच्या प्लॉटवर कपाशीच्या फुलांचं क्रॉसिंग करायला गेल्तो, तिथं मुकादम म्हणला, "हे पोरगं फुलापेक्षा फुलपाखरामागं जास्त पळतं." मंग कल्याणसंगं मोसंबीची पिकअप. ते मात्र जमलं. नागपूर, इंदूर, पार तिकडं वरपर्यंत. मला नवीन गाव दिसलं की बरं वाटायचं, आपल्या नकाशातला काळा तुकडा उघडल्यासारखं. तिकडं इंदूरच्या पुढं एका ठिकाणी मोराएवढा कोंबडा बघितल्ता, त्याचा फोटो तुला पाठवायचा राहिला. पण तो कोंबडा राहू दे.

दिवाळीत तू ती ट्रेलर पाठवलीस. कुणीतरी त्या गेमचं नाव विकत घेतलं, तिसरा भाग काढून राह्यलेत, जगभर आपल्यासारखे येडे रडून राह्यलेत, असं तू इतकं जल्दी जल्दी बोललीस की मला निम्मं कळलं न्हाई. मी आणि कल्याणनं ढाब्यावर बाजेवर बसून बघितली. तलवारवाला म्हातारा झालेला, दाढी पांढरी, वेशीतून बाहेर येतो. एकटा. तुझा मेसेज आला, "माझी बाई कुठंय? ओम्या, शेवटी बघ, डाव्या कोपऱ्यात नुसता कंदील पडलाय राखेत. बघितलास?" मी परत लावली. कोपऱ्यात काही नव्हतं. परत लावली. कल्याण म्हणला, "आबे, हा काय कंदील, एवढा मोठा," आणि पडद्यावर बोट ठेवलं. त्याच्या बोटावर नजर नेली तेव्हा कंदील दिसला. नजर मधे आणली की गेला. मी तुला लिहिलं, "हो, दिसला, लई भारी." आणि कल्याणला म्हणलो की ह्यांनी गेम फार अंधारी केलीय.

ती अंधारीच केलीय असं मी मनाशी धरून बसलो, रेणे. जुनी कशी होती, गोल होता पण गोलात सगळं लख्ख दिसायचं, आणि ह्या नव्या कंपनीनं खर्चा वाचवायला सगळा अंधार भरलाय. मी फोनचा उजेड पुरा वाढवला. मी त्या कंपनीच्या पानावर जाऊन माझ्या इंग्रजीत लिहिलंसुद्धा, की गेम व्हेरी डार्क, प्लीज मेक लाईट, वी आर ओल्ड कस्टमर. खाली लोकांनी हसायच्या खुणा टाकल्या, एकानं लिहिलं की खिडकी उघड भाऊ. मंग डेमो आला तेव्हा संभाजीनगरला गाडी खाली करून मी आणि कल्याण एका गेमिंगवाल्याकडं गेलो. भल्या मोठ्या पडद्यावर बसलो. मी चाललो, आठ पायांच्या कोळ्यानं खाल्लं. परत चाललो, परत खाल्लं. कल्याण म्हणला, "तू त्याच्याकडं पाठ करून उभा काय राहतो? तो तुझ्या बाजूला येऊन उभा राह्यलाय, राम राम तरी घाल त्याला." मी म्हटलं, कुठंय? तो हसायचा थांबला. मी मान वळवली तेव्हा कोळी होता तिथं, पडद्याच्या निम्म्याएवढा.

त्याच आठवड्यात, दिस मावळतीला, मी पिकअप चालवत होतो आणि कल्याण एकदम ओरडला. मी ब्रेक दाबला. एक सायकलवाला म्हातारा आमच्या डाव्या बाजूला आरशाला चिकटून उभा होता, त्याच्या कॅरिअरवरची कडब्याची पेंडी आमच्या दाराला घासली होती. त्यानं आईबहिणीवरून जे काही म्हटलं ते बराबरच होतं. कल्याणनं माझ्या हातातून चावी काढून घेतली. रेणे, तो म्हातारा माझ्यासाठी नव्हताच. झाड होतं, रस्ता होता, मधेच म्हातारा नव्हता. त्या रस्त्यावर काय काय होऊ शकलं असतं ते मी अजून बघतो.

कल्याणनंच डोळ्यांच्या डॉक्टरकडं ओढत नेलं. तिथं एक पांढरा टोपासारखा डबा असतो, त्याच्यात हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या पिवळ्या ठिपक्याकडं बघत राहायचं आणि हातात एक बटण देतात. बाजूला कुठं उजेडाचा ठिपका लागला की बटण दाबायचं. मी त्या सिस्टरला म्हटलं, "ताई, ह्याच्यात आपला हात कुणी धरणार न्हाई, आपण लहानपणापासून हेच केलं." बसलो. ठिपका दिसला की दाबला, एकही सोडला न्हाई. मला वाटलं खेळ हळू आहे, फार थांबून थांबून ठिपके टाकून राह्यलाय. झाल्यावर मी विचारलं, किती आले? तिनं कागद काढून डॉक्टरला दिला. डॉक्टरनं तो माझ्यापुढं ठेवला. आपला नकाशा होता तो. आख्खा काळा, आणि मधे एक गोल. ठिपके सगळीकडं पडत होते म्हणं, मी मधल्या गोलातले तेवढे दाबत होतो.

डोळ्याच्या आतला पडदा कडेकडेनं वाळत येतो. आधी रातचं दिसायचं जातं, मंग बाजूचं, आणि गोल लहान होत जातो. त्याचं एक इंग्रजी नाव आहे, ते कल्याणनं लिहून घेतलं. औषध आज तरी न्हाई. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणले, सांगता येत न्हाई, काहींचं मधलं पुष्कळ वर्षं टिकतं, काहींचं न्हाई. गाडी मात्र आजपासून बंद. त्या दिवसापासून मला गाव सोडून कुठंतरी जायचं होतं, जिथं कुणी ओळखीचं न्हाई, आणि आलो कुठं, तर आपल्याच काकाकडं. पळायचंसुद्धा मला नीट जमत न्हाई. इथं दुपार बरी असते. ऊन कलंडलं की मी घाबरायला लागतो. दिस खाली जातो तसं कडेचं एकेक पुसत जातं, आधी ऊस जातो, मंग बांध जातो, मंग काका बोलत असतो पण काका नसतो. मी बसल्या जागेवरून हालत न्हाई. मला वाटायचं मी हिंडणारा माणूस, मला कसली भीती. आता पाण्याचा तांब्या हाताला लागला न्हाई तरी रडायला येतं.

आता बकरी. काकाच्या मेंढरांच्या खांडात पुढं चालणारी एक बकरी आहे, गळ्यात घंटी, काका तिला मास्तरीण म्हणतो, कारण ती निघाली की सगळी मेंढरं ओळीत निघतात. ह्या स्केचपेनचं टोपण तिनंच खाल्लं. परवा सांजेला मेंढरं वाड्याकडं आणायची होती, काकाचा गुडघा धरला होता, म्हणून मी गेलो. येताना दिसेनासं झालं. मी घाबरून उभा राहिलो. घंटी जवळ आली, अंगाला ऊब लागली, आणि माझा हात आपोआप मास्तरणीच्या पाठीवर गेला. ती चालली, मी चाललो. वाड्यापाशी आलो तर काकानं बकरीवरचा माझा हात चाचपला. मी म्हटलं, काय झालं काका? तो म्हणला, "काय न्हाई रे. तुझा आज्या, रायभान, असाच यायचा. हात त्याच जागी. आम्ही हसायचो त्याला, म्हणायचो, म्हाताऱ्याचा बायकोपेक्षा बकरीवर जीव." मी विचारलं, आणि नेम? दिस बुडायच्या आत घरी यायचा नेम कधी धरला त्यानं? काका म्हणला, "ज्वान होता तेव्हा. सांजेला चालता चालता सरळ विहिरीत गेला, बिनकठड्याची होती. काढला वर. तेव्हा म्हणला, बिरोबानं वाचवलं, आता दिस बुडल्यावर पाऊल टाकणार न्हाई, माझ्या घरचं कुणीच टाकणार न्हाई."

तू मिनिटभर हा कागद खाली ठेव आणि विचार कर. आपल्या आज्याला दिसत नव्हतं, रेणे. त्याच्या बहिणीला, माझ्या गिरिजाआजीलाही दिसत नसणार, म्हणून उन्हातच भाकरी, म्हणून भिंतीला हात. त्यांनी कुणाला सांगितलं न्हाई, त्यांना स्वतःला तरी कुठं ठाऊक होतं. देवाचं नाव दिलं आणि निभलं. आणि ज्यांना लख्ख दिसत होतं ते मामा, माझी आई, आपण सगळे त्या नेमापायी दिवे लागायच्या आत घरात. त्याच नेमापायी मामानं मेन स्विच पाडलं. मी त्या सांजेला मास्तरणीच्या पाठीवरचा हात काढलाच न्हाई, काकानं हाक मारली तरी. मला वाटलं हात काढला की मी विहिरीत.

आता शेवटचं, आणि ह्याच्यासाठीच पत्र. डॉक्टरनं तेव्हा विचारलं होतं, आईवडील नात्यातले का? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, हो, हक्काचं लग्न, आमच्या बापानं, बद्रीनाथबापूनं, त्याच्या मामाचीच पोरगी केली. ते म्हणले, तुमचं ठरलंय का कुठं? मी म्हटलं, ठरलंय, मामाचीच पोरगी. त्यांनी पेन खाली ठेवला. मंग त्यांनी मला कागदावर आकृती काढून समजावलं, आणि मी ते पहिल्यांदाच आयुष्यात मधे न बोलता ऐकलं. हे रक्तातून येतं. मामाच्या अंगात ते लपून आहेच, त्याला त्रास न्हाई. तुझ्या अंगात असल किंवा नसल, असलं तरी तुझ्या डोळ्याला काही होणार न्हाई, त्याचं भ्या तू धरू नको. पण असलं आणि आपलं लग्न झालं, तर आपल्या प्रत्येक लेकराचं नाणं उडवल्यासारखं आहे, ह्या बाजूला पडलं तर दिसल, त्या बाजूला पडलं तर माझ्यासारखं. रक्ताची तपासणी असते, त्याचा कागद पाकिटात घातलाय, कल्याण तुला तिथं घेऊन जाईल. सुपारी एकदा फुटली की आपल्याकडं कुणी कुणाचं ऐकत न्हाई. मामा म्हणल, काय होतंय, आपलं घरचंच आहे, आणि आई म्हणल, नेम पाळला की झालं. म्हणून रविवारच्या आधी तुला एकटीला सांगून राह्यलो. तू न्हाई म्हणलीस तर मी मामाला सांगीन की मीच न्हाई म्हणलो, भिंगरीला तेवढं शोभतं. तू दयेपोटी हो म्हणलीस तर मात्र मी काय करावं ते मला समजत न्हाई, त्या विचारानं मी रानात एकटा उठबस करून राह्यलो. काहीही झालं तरी शुक्रवारी मी जालन्यात येतो, कल्याण आणून सोडल, दिवसाउजेडी. आपली गेम आपण खेळू, मामाची पोरगी आणि आत्याचा पोरगा म्हणून तरी. तलवार ह्या वेळेला तू घे. कंदील माझ्याकडं दे, कंदीलवाल्याला लांबचं दिसावं लागत न्हाई, मागं मागं चाललं की भागतं. त्या वेशीपाशी मला जावंच लागणार आहे, रेणे, मला कुणी विचारलेलं न्हाई. विचारलंय तुला, आणि ह्या वेळेला मेन स्विच कुणी पाडणार न्हाई, पाहिजे तेवढा वेळ घे, तपासणी कर, मंग सांग. त्या दिवशी तुझं बोट कुठल्या बटणाकडं चाललं होतं ते मला नको सांगू, तेव्हा आपण लहान होतो आणि दोघांनाही लख्ख दिसत होतं. आता कुठं जातंय ते सांग.

तुझाच,
वेशीपाशी थांबलेला
ओम्या